तिसरं ताट

धनंजयनं टेबलावर स्टीलची तीन ताटं मांडली आणि प्रत्येकात मूठभर पांढरी चवळी ओतली.

"विजयामावशी, हा छावनीजवळचा वृद्धाश्रम, हा आलमबागचा, हा अलीगंजचा. एक चवळी म्हणजे एक म्हातारं माणूस."

"मग मीही चवळीच की रे."

"तुम्ही हळद." त्यानं हळदीची वाटी पुढे सरकवली. "बोटं बुडवा. खेळ झाला की उसळ करू."

हसण्यासारखं काही नव्हतं. शहाण्णवचा मे महिना होता. छावनी आणि आलमबाग, दोन्हीकडे जुलाब-उलट्यांची साथ होती आणि सात माणसं गेली होती. मी बदली आया. जिथली बाई रजेवर जाईल तिथं मला बोलावत. धनंजय साताऱ्याकडचा, इथं लखनऊच्या एका संस्थेत संशोधन करायचा. साथ एका आश्रमातून दुसऱ्यात कशी जाते, ते तो कॉम्प्युटरवर खेळवून बघत होता. त्यासाठी त्यानं तिन्हीकडच्या हजेरीच्या वह्या उतरवून आणल्या होत्या आणि बदली आयांना एकेक करून बोलावून खात्री करून घेत होता. सलाईन कुठं पाठवायचं आणि कुठलं फाटक बंद करायचं, हे आरोग्य खातं त्याच्याच हिशेबावर ठरवत होतं.

"सोमवारी छावनी," त्यानं वाचलं.

मी पहिल्या ताटात बोटं फिरवली.

"मंगळवारी आलमबाग."

दुसऱ्या ताटात बोटं घातली. पाच-सहा चवळ्या पिवळ्या झाल्या. मंगळवारी मी आलमबागच्या शुक्ला अम्माजींचं तोंड पुसलं होतं. शनिवारी त्या गेल्या.

माझा हात थांबलेला त्याला दिसला. "तुमचा दोष नाही, मावशी. नळाला पाणी तरी होतं का हात धुवायला?"

मग तो तिसऱ्या ताटाकडे वळला. "गुरुवार-शुक्रवार तुम्ही घरी. अलीगंजला बाहेरचं कुणीच गेलं नाही. हाच आठवडा कॉम्प्युटरवर पाचशे वेळा चालवला. पाचशे वेळा हे ताट पांढरंच राहिलं. म्हणून सगळं सलाईन पहिल्या दोघांकडे पाठवतोय. त्यांची फाटकं कालच बंद केली. आतलं माणूस आत, बाहेरचं बाहेर. आयासुद्धा."

गुरुवारी-शुक्रवारी मी घरी नव्हते.

माझी मुलगी कांचन अलीगंजला कायमची आया. बुधवारी तिचा तीन महिन्यांचा गर्भ पडला. रजा शिल्लक नव्हती. तिथली हेडआया म्हणाली, माताजी, तुम्ही या, हजेरीत नाव तिचंच लावते. असं सगळीकडेच चालायचं. दोन दिवस मी तिथं राबले. नागपूरच्या पद्मिनीकाकूंना माझ्या हातानं दलिया भरवला. शनिवारी कांचन कशीबशी उठून कामाला गेली. आजही गेली होती.

हे सांगितलं तर तिची नोकरी जाणार, हे तर होतंच. पण अलीगंजचं फाटक बंद झालं, की ती आत अडकणार होती. अजून तिच्या अंगावरून रक्त जात होतं.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. तिची ड्यूटी दोनला सुटायची. पावणेतीन तास गप्प बसायचं, ती घरी आली की सांगायचं. एवढंच.

ड्रायव्हर दारात आला. "साहब, सलाईन के सारे डिब्बे चढ़ गए. निकलूँ?"

"हाँ भैया, निकलो."

जिन्यावर त्याची पावलं वाजू लागली. मी पुन्हा हळदीत बोटं बुडवली आणि तिसऱ्या ताटात सगळा पंजा फिरवला.

"मावशी, हे काय करताय?"

"गुरुवार आणि शुक्रवार. कांचनच्या नावावर मी होते. त्याला थांबव."

धनंजय खिडकीकडे धावला. "अरे रुको! आधे डिब्बे अलीगंज!"

परत येऊन त्यानं फोन लावला, कांचनला बोलवायला सांगितलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. रिसीव्हर पिवळा झाला.

"आई? बरं झालं फोन केलास," कांचन म्हणाली. "पद्मिनीकाकूंना पहाटेपासून उलट्या होतायत. आणखी तिघींना सुरू झाल्यात. माझे पाय नुसते लटपटतायत गं. हेडआयाला सांगून आत्ताच निघू का?"

शेजारी कान देऊन ऐकणाऱ्या धनंजयनं मान खाली घातली.

"निघू नको," मी म्हणाले. "फाटक बंद करायला सांग. कुणालाच बाहेर सोडू नका. सलाईन येतंय."

"म्हणजे मीपण?"

"तूपण."

"मग तू ये ना इकडे."

"मला नाही येता येणार, बाळा. हा आजार मीच आणलाय तिथं."

मागून कुणीतरी ओकल्याचा आवाज आला आणि एका म्हातारीची हाक.

"आ रही हूँ, अम्माजी," कांचन म्हणाली. रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवून ती गेली. तिच्या चपला फरशीवर घासत लांब जात होत्या. मी फोन ठेवला नाही.