अण्णांचे दात

सृष्टीचे पुढचे दोन दात थेट माझ्या वडिलांवर, अण्णांवर गेलेत. उदगीरच्या आडत दुकानात अण्णा हसले की गिऱ्हाइकाला आधी दात दिसायचे, मग अण्णा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

"पोरीला नववं सरत आलंय, दातांना तारा कधी लावायच्या?" म्हणत बायकोनं आम्हाला लातूरला नेलं. लातुरात डॉक्टर व्हायची तयारीसुद्धा पाळण्यातच सुरू होते, त्यामुळे तारा टळतील ही आशा मी सोडली होती.

डॉक्टरांनी तोंडात डोकावून पाहिलं. "मागचे दुधाचे दात पडायचेत अजून. दोन वर्षांनी या."

बायको हिरमुसली. सृष्टी मात्र खुर्चीवरून उतरताना खुदकन हसली, आणि क्षणभर उदगीरचं दुकान उघडलं.

"डॉक्टर," मी विचारलं, "तीन वर्षांनी आलो तर चालेल का?"