बाबांच्या खिडकीतली धूळ

पांढराच... अजूनही पांढराच. चिमट्यात धरलेला तो गोल गाळणकागद इन्शिराहने उन्हाकडे करून पाहिला, मग उलटून पाहिला, काळं मागच्या बाजूला दडून बसलं असावं तसं. कडेला फिकट राखाडी छटा होती, बस्स, एवढीच — एवढी तर इथल्या शुब्रा वस्तीतल्या कुठल्याही बाईच्या डोक्यावरच्या रुमालाला बसथांब्यावर उभ्या उभ्या लागते. धुराच्या चिमणीच्या पोटात तासभर नळी खुपसून हाती काय लागलं, तर हे?

उद्या प्रयोगशाळेत वजन होईल, पण चौदा वर्षं चिमण्या तपासलेल्या डोळ्यांना काटा लागत नाही. हाजी नस्सारची शिसं वितळवायची भट्टी कायद्याच्या मर्यादेत होती. मर्यादेत! मेल्या, नेमका आजच कसा रे सुधारलास?

आणि तिने वेळ किती नेमकी साधली होती... रमजानमध्ये दुपारी दोननंतर सरकारी माणूस कुठे फिरकत नाही, हे तिच्या खात्याला ठाऊक आणि कारखानदारांनाही. तीन वाजले की धूर गाळणारे पंखे बंद, वीज वाचली, रोजेदाराला आभाळाकडे बघायचं त्राण असतं कुठे? म्हणून ती साडेचारला आली — उपाशी, घशाला कोरड, शिडीच्या अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून. पंखे बसवल्याचा कागद तिच्याच फाइलीत होता, पण ते दाखवण्यापुरते फिरतात याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आज नमुना, उद्या वजन, परवा दाराला कुलूप, कुलपावर लाल मेण, मेणावर सरकारी शिक्का, आणि समोर तोंडचं पाणी पळालेला नस्सार. हे चित्र तिने इतक्यांदा पाहिलं होतं की त्यातल्या नस्सारच्या झग्याचं तुटकं बटणसुद्धा तिला पाठ होतं.

बाबा याच भट्टीवर. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, शिसं ओतायचं. मग मनगटं लुळी पडली, चहाचा पेला ओठांपर्यंत जाईना, आणि नस्सार चारचौघांत म्हणाला, "सब्रीला कसला रोग! कामचोर लेकाचा, सोंग करतोय." सगळे हसले. बाबाही हसले... ते हसणं मी विसरलेले नाही, विसरणारही नाही, आणि तू हाजी झालास म्हणून माफ करायला मी काही अल्लाह नाही.

शिडी करकरली. भट्टीवरचा म्हातारा कामगार, अम्म फराग, म्हणजे सगळ्यांचा फरागकाका, धापा टाकत वर आला; हातात खजूर होता.

"इंजिनियरीणबाई, धरा हा. रोजा सोडायच्या तोफेला पाच मिनिटं राहिलीत. चक्कर येऊन पडलात, तर तो गुन्हाही आमच्याच माथी!"

"अम्म फराग, पंखे आज चालू कसे? कुणी कळवलं तुम्हाला?"

"कळवतंय कोण! तुमच्या खात्याने तीन वर्षं नाकी नऊ आणले, तेव्हा कुठे नस्सारचा हात सैल झाला. गेल्या हिवाळ्यापासून अखंड चालू आहेत. आमची बायको आता गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत घालते नि शेजारणींना बोलावून दाखवते, बोला!" तो हसता हसता थांबला. "कपाळ सब्रीचंच आहे तुमचं. शिडी चढताना बघितलं नि ओळखलं. आज असता, तर..."

खजूर तिच्यापुढे ठेवून तो खाली उतरला.

तुमचं खातं — म्हणजे मीच की. त्या सगळ्या नोटिसा माझ्याच हातच्या.

तिने कागद नमुन्याच्या पेटीत ठेवला, खजूर डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने पिशवीतून आईची सुरम्याची डबी काढली. सुरमा केव्हाच संपला होता. आत धूळ होती, बाबा गेले त्या सकाळी त्यांच्या खिडकीच्या चौकटीवरून बोटाने गोळा केलेली. जड, काळपट. चिमूटभर पुरे. कागदावर टाकायची, पेटीला झाकण लावायचं, संपलं. यात खोटं काय? धूळ याच चिमणीची. मी फक्त उशिरा पोचती करते आहे. करावं तसं भरावं! तिने बोट डबीत बुडवलं.

पांढऱ्या चादरी म्हणे... फरागच्या बायकोच्या चादरी पांढऱ्या का असाव्यात? माझ्या आईने बाबांचं एक बनियन तीन-तीनदा धुतलं, तरी पाणी काळंच. तिला त्या चादरींची चीड आली, खरीखुरी चीड, आणि त्या चिडीच्या मागोमाग आठवलं ते — मघाशी नळी बाहेर काढताना रोज्याच्या कोरड्या ओठांनी ती काय पुटपुटली होती ते. काळा निघू दे, देवा. काळाच निघू दे... खाली एवढी गल्ली, पोरंबाळं, भांडी मांडून बसलेल्या बाया, आणि मी त्यांच्यासाठी धूर मागत होते. आजच मागत होते का?

खाली रेडिओवर तोफ झाली. चमचे वाजू लागले.

"बाई, सोडलात का रोजा?" फरागने खालून हाक मारली.

कागद पांढराच होता. खजूर डाव्या हातात होता. रोजा उजव्या हाताने सोडायचा असतो, आणि उजव्या हाताच्या बोटाला बाबांच्या खिडकीतली धूळ लागली होती. ते बोट कागदावर पुसायचं की अंगावरच्या कपड्याला, हे तिला ठरवता येईना.