अर्ध्यावर सोडलेला चित्रपट

चित्रपटाची गोडी दिनानाथांना कधीच नव्हती. वर्षाकाठी एखादा पाहावा, त्यात मारामारी यथेच्छ असावी आणि बाहेर पडताच तो विसरून जावा, एवढाच त्यांचा त्या कलेशी संबंध. त्या दिवशी ते अलिबागेत आले होते ते पुतणी प्राप्तीच्या लग्नाच्या खरेदीसाठी. बायका साड्यांच्या दुकानात शिरल्या की सूर्य कलेपर्यंत बाहेर यायच्या नाहीत, हे ओळखून ते आपल्या ट्रकचा चालक हर्षद याला घेऊन जवळच्या थंडगार चित्रपटगृहात जाऊन बसले. दारावरच्या चित्रात पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ आणि एक तरुणी होती. कथा कशाची, हे विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही.

कथा निघाली शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या व्हिएन्ना नगरीतली, हिंदीत बोलती केलेली. तो दाढीवाला म्हणजे मनाच्या व्याधींचा वैद्य. त्याच्यापाशी ना गोळी, ना काढा. रोग्याला कोचावर निजवायचे, आपण त्याच्या उशाशी नजरेआड बसायचे आणि म्हणायचे, "मनात येईल ते बोला." मग तासन्‌तास ऐकत राहायचे.

"काका, फी ह्याची आन् काम पेशंटचं," हर्षद कुजबुजला. "आपला भगत बरा. निदान कोंबरा तरी कापतो."

"गप रं."

"मारामारी कवा हाय?"

"तुझी न् माझी होईल आता. गप बस."

थोड्याच वेळात हर्षद घोरू लागला. दिनानाथांचे मात्र आसनावर चित्त ठरेना. पाय नकळत हलत होता, पुढच्या खुर्चीला लागत होता, आणि पुढचा माणूस वळून वळून पाहत होता.

त्या तरुणीचा उजवा हात लाकडासारखा निर्जीव झालेला होता. हाड शाबूत, नस शाबूत, आणि तरी हात उचलला जात नव्हता. वैद्य विचारीत राहिला, ती आडवळणे घेत राहिली. अखेर एका पावसाळी दुपारी तिच्या तोंडून निघाले, की वडील गेले तेव्हा 'त्यांचे डोळे तू मिट' असे सर्वांनी तिलाच सांगितले होते. तिने हात पुढे केला. तो तिथवर पोहोचलाच नाही.

दिनानाथ ताडकन उठले. हर्षदला तिथेच घोरत ठेवून, लोकांच्या गुडघ्यांवरून अडखळत ते बाहेर उन्हात आले.

त्यांच्या डोळ्यांपुढे उभी होती जनी, त्यांची पत्नी. रेवदंड्याच्या पंचक्रोशीत आगऱ्यांचे लग्न म्हटले की धवलारीण जनीच. धवला गाऊन लग्न लावणारी स्त्री म्हणजे धवलारीण. तिच्या गाण्यावाचून मांडवात देव उतरत नाहीत, अशी त्या समाजाची श्रद्धा. पण घरच्याच प्राप्तीचे लग्न ठरले आणि जनीचा आवाज गेला. उरली ती केवळ कुजबुज. डॉक्टरांनी नळी घालून कंठ पाहिला, तो निर्मळ होता. "खोकल्या की आवाज खणखणीत येतो," ते नवलाने म्हणाले. भगताचा काळा दोराही बांधून झाला. शेवटी प्राप्तीच्या वडिलांनी, दिनानाथांच्या धाकट्या भावाने, चौलच्या धवलारणीला सांगून ठेवले. ते कळल्यापासून जनी नीट जेवली नव्हती.

एस.टी. पकडून घरी पोहोचताच दिनानाथांनी पडवीत खाट ओढली.

"जने, नीज हितं."

खरेदीला न गेलेली जनी सुपात तांदूळ निवडत होती. "टकुरं फिरलं काय तुमचं?" ती कुजबुजली. "भर दुपारची निजू? पावने येतील."

"येऊं देत. नीज. मी उशाशी बसतो. मनात येल ते बोल."

"ह्ये कुनी शिकवलं?"

दिनानाथांनी चित्रपट सांगितला, तो वैद्य, ती मुलगी, तिचा हात. जनीने सूप बाजूला ठेवले.

"मंग? उचलला तिनं हात?"

"ठाव न्हाय. मी उठून आलो."

"तुमी जल्मात कवा शेवट बघितलाव?" असे म्हणून ती खाटेवर आडवी झाली खरी.

उशाशी बसलेल्या दिनानाथांना तिचे केवळ कपाळ दिसत होते. 

"बोल ना."

"मनात येतंय, तांदूल निवडायचं राहिलंय."

"आनखी?"

"हलद कमी परनार."

"आनखी?"

खाडीकडून वारा आला. जनीचे कपाळ आकसले.

"ओंकारला कुठं घेऊ?"

दिनानाथांचा हलता पाय थांबला. ओंकार हा त्यांचा एकुलता मुलगा. मासेमारीच्या बोटीवर यंत्र सांभाळायला गेला. बोट सापडली, तो सापडला नाही. शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा देह करून त्यालाच अग्नी दिला, आणि तेव्हापासून त्या घरात ते नाव कोणी उच्चारले नव्हते. जनी त्या दिवशी खोलीबाहेर आली नव्हती.

"धवल्यात आदी देवांना आवतन, मंग पितरांना," ती कुजबुजली. "घरचा मोठा नाव सांगनार, मी गाऊन बोलवनार. पितरांत त्याला बोलवला, तर माज्या तोंडानं मीच त्याला मारला. न्हाय बोलवला, तर बहिनीच्या लग्नाला भाव उपाशी."

वैद्याने पुढे काय म्हणायचे असते, हे दिनानाथांना ठाऊक नव्हते. तिथवर ते बसलेच नव्हते. ते उठले आणि खाडीच्या वाटेने चालू लागले. वाटेत अलिबागेहून परतलेला हर्षद भेटला.

"त्या पोरीचा हात बरा झाला का रं?"

"काका, मी निजलेलो. मना सोडून तुमीच पलालाव."

त्यानंतर लग्नापर्यंत त्यांचा पाय घरात ठरला नाही. मांडव घालणाऱ्यांवर ओरडले, बांधलेले तोरण सोडून पुन्हा बांधायला लावले.

मांडवाच्या सकाळी चौलची धवलारीण येऊन बसली. तरीही जनी न्हाऊन, हिरवे लुगडे नेसून आपल्या जागी गेली. कोणी तिला उठवले नाही. तिने कुजबुजतच धवला आरंभला. मागच्या बायांनी तिच्या ओठांकडे पाहून तो मोठ्याने उचलून धरला. गावदेवीला आवतण गेले, दर्याला गेले. मग दिनानाथ पुढे झुकून नावे सांगू लागले.

"धर्माजी." आजोबांना आवतण गेले.

"कोंडाजी." वडिलांना गेले.

पुढचे नाव साऱ्या मांडवाला ठाऊक होते. नाव आपण सांगायचे, मग कंठ तिचा मोकळा होईल, असा निश्चय दिनानाथांनी खाडीकाठी चालता चालता केला होता. त्यांनी तोंड उघडले. ओठ हलले. शब्द आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. घामाने सदरा भिजला, पाय पुन्हा हलू लागला, पण ते एवढेसे नाव निघेना. चौलच्या बाईने खाकरून गळा साफ केला.

जनीने मान वळवून पतीकडे पाहिले. उशाशी बसून 'बोल' म्हणणारा हाच तो माणूस. तिने त्याचा गुडघा हाताने दाबून धरला.

"ओंकार माजा," असा गंजलेल्या कडीसारखा खरखरीत स्वर मांडवात उठला, "जितं आसंल तितून येल. पान्यावर आसंल, पान्यावरून येल. वाऱ्यावर आसंल, वाऱ्यावरून येल. तुज्या बहिनीचा मांडव रं, आवतन आयशीचं."

पितरांत नाही आणि जित्यांतही नाही, तिने त्याला दोहोंच्या मधल्या वाटेवर हाक घातली होती. मागच्या बायांना ही ओळ ठाऊक नव्हती. त्या गप्प राहिल्या, म्हणून ती तिला एकटीलाच पुरी करावी लागली. ओळ संपेपर्यंत स्वराचा गंज बराच उतरला होता. प्राप्ती हळदीच्या हातांनी डोळे पुसत होती.

धवला पुढे सरकला. दिनानाथ मात्र बसू शकले नाहीत. मांडवाच्या खांबाला धरून ते खाडीकडून येणाऱ्या वाटेकडे पाहत उभे राहिले. थोडे पुढे जात, परत येत, पुन्हा पाहत.

"काका, जेवनाची पानं मांरू काय?" हर्षद जवळ आला. "कुनाची वाट बघताव?"

"मांर," दिनानाथ म्हणाले. "एक पान जास्तीचं मांर. ओंकारला आवतन गेलंय."