दहा महिन्यांचा साक्षीदार

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध गादीवर दहा महिन्यांचं बाळ आणि त्याच्यासमोर खुळखुळा घेतलेले, आत्म्यांशी बोलणारे एक बाबा. गेल्या आठवड्यात वारलेले आजोबा बाळाच्या तोंडून बोलतात, असं बाबांचं म्हणणं आणि गल्लीने ते डोळे मिटून मानलेलं.

"बोल आत्म्या, तुझा घात कोणी केला?"

"दादा... ताता..."

"आत्मा वाट शोधतोय! बोल, कोणी?"

"मा... मामा!"

बाबांनी टाळी पिटली, खुळखुळा वाजवला. बाळाला चेव आला. "मामा! मामा!"

बाळाचा मामा दारातच उभा होता. औषधांच्या दुकानात नोकरीला. आजोबांच्या गोळ्या तोच आणून द्यायचा. "धरा रे त्याला!" कोणीतरी ओरडलं आणि दोघांनी त्याची कॉलर पकडली.

बाळाची आई गर्दीतून पुढे आली. आजोबा हृदयविकाराने गेले, हे डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. पण ऐकतो कोण? सकाळीच हे बाळ चमच्याला मामा म्हणालं होतं, मांजरालाही. आणि 'दादा', 'ताता' म्हणालं तेव्हा बाबांना बरं ऐकू आलं नाही!

"थांबा," ती म्हणाली. "आता मी विचारते."

"पोरी, आत्मा कोपेल!"

"लेकरू माझं आहे. कोपलं तर दूध पाजीन."

ती गादीवर बसली. "बाळा, आजोबांचा घात कोणी केला?"

"मामा!"

तिने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. बाळ बावरलं. "मामा?" दारात भावाची कॉलर आणखी आवळली गेली. "ताता..." तरी ती गप्पच. "बा... बाबा."

तिने टाळी वाजवली, खुळखुळा हलवला, बाळाचा पापा घेतला.

"बाबा! बाबा! बाबा!"

सगळ्यांच्या नजरा गर्रकन बाबांवर वळल्या.

"अहो, मी तर आजोबांना कधी पाहिलंही नव्हतं!" बाबांची बोबडी वळली.

"बाळाला अर्थ कळत नाही, आपले चेहरे कळतात," आई म्हणाली. "ज्या आवाजावर आपण हसतो, तोच आवाज ते पुन्हा काढतं. असंच बोलायला शिकतं. तुम्ही हव्या त्या आवाजाची वाट बघत होतात."

तिच्या सासूबाई उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी मामाची कॉलर सोडवली. बाबा मागच्या दाराने कधी सटकले, कोणाला कळलंच नाही.

मामा, काका, दादा, बाबा हे बाळाच्या तोंडाला सोपे आवाज, आणि आपल्याकडे प्रत्येक आवाजाला एकेक नातेवाईक तयार! आज मामा सापडला, उद्या काका सापडेल. बाळाशी भरपूर बोला, त्याच्या बोबड्या बोलांना खुशाल टाळ्या वाजवा. पण माणूस कशाने गेला, ते मात्र डॉक्टरांना विचारा.