देवाची मूठ

बांबूला फुलोरा आला तेव्हाच म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला होता. जन्मात एकदा कधीतरी येतो मेला, आणि मागून उंदरांची फौज घेऊन येतो. डोंगरावरचं तयार भात उंदरांनी उभंच्या उभं फस्त केलं, त्याला आता सहा महिने झाले. थंडीत रोकुंगीचा नवरा तापानं गेला. घरात उरल्या तिघी: रोकुंगी, तिची सासू ह्रांगकिमी आणि पाच वर्षांची झुआली. शिवाय तुळईला टांगलेली भाताच्या बियाण्याची एक टोपली. उंदीर उतरू नयेत म्हणून तिच्या दोराला पत्रा अडकवलेला होता.

महिनोन्‌महिने रानातला कंद उकरायचा, उकडायचा आणि गिळायचा. रोकुंगीचा जीव मेटाकुटीला आला होता. आता रान जाळून मोकळ्या केलेल्या उतारावर पेरायचे दिवस आले, तर गावात कुणी बियाणं बाहेर काढेना. रविवारी चर्चमध्ये वडीलधारे लालबुआंगा म्हणाले, "देवावर भरवसा ठेवा, पेरा." सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले. खुद्द लालबुआंगांनी आपलं बियाणं कधीच खाऊन संपवलं होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं?

"पेर, पेर!" घरी आल्यावर सासू कडाडली. "उंदरांच्या पंगती उठव. वर त्यांना पानसुपारी दे. पोरीचे पाय बघ आधी, काटक्या झाल्यात."

"बघतेय, आई. मला काय डोळे नाहीत?"

"मग उतरव ती टोपली."

रोकुंगीनं उतरवली. वाद घालायचं त्राणच नव्हतं तिच्यात. खरं तर सासूचं ऐकायला तिला बरंच वाटलं. पेरलं आणि उंदरांनी खाल्लं तर? आपल्या हातानं पोरीच्या तोंडचा घास मातीत घातल्यासारखं होईल. गेले कित्येक दिवस याच विचारानं ती टोपलीला हात लावत नव्हती. तिनं दोन मापं भात उखळात घातलं, कांडलं, पाखडलं. पांढरे तांदूळ बघून झुआली टाळ्या पिटायला लागली.

तांदूळ भांड्यात ओतण्याआधी रोकुंगीनं त्यातली एक मूठ भरली आणि चुलीजवळच्या मडक्यात टाकली.

"अगं बाई, हे काय केलंस?" सासू ओरडली.

रोकुंगी आपल्याच हाताकडे बघत राहिली. ते देवाचं मडकं. भात शिजवण्याआधी त्यात एक मूठ टाकायची, आठवड्यानं चर्चच्या बायका येऊन न्यायच्या. लग्नाआधी आईकडे, लग्नानंतर इथे, रोज दोनदा टाकत आली होती ती. कित्येक महिन्यांत घरात तांदूळच नव्हता, मडकं कोरडं पडलं होतं, आणि तरी हात आपोआप तिकडे गेला.

"काढ ती मूठ. देवाला नाही उपास पडत."

"नाही काढणार."

तिनं उरलेले तांदूळ शिजवले. तिघी जेवल्या. झुआलीनं भांडं चाटूनपुसून ठेवलं. रोकुंगी मात्र घास चावता चावता थांबत होती. नवरा आजारी होता, घरातला जुना तांदूळ संपत आला होता, तेव्हाही ती मूठ टाकायची. उद्या पुरेल की नाही, असं त्या मुठीपाशी तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. भीती होती ती सगळी डोक्यात, हाताला तिची खबरच नव्हती. हात जे रोज देवाच्या हवाली करत होता, ते आज मातीच्या हवाली करायचं, एवढंच तर होतं. मातीही त्याचीच.

"उरलेलं पेरते मी, आई," ती म्हणाली. "शिव्या घालायच्या तर घाला."

सासूनं घातल्या. पोटभर घातल्या. सकाळी मात्र रोकुंगी झुआलीला घेऊन निघाली तेव्हा म्हातारी आपला कोयता घेऊन गुपचूप मागून यायला लागली.

उतारावर काळी राख पसरली होती. सासू कोयत्याच्या टोकानं भोकं पाडत होती, रोकुंगी बी टाकत होती. दहा-बारा भोकं झाली असतील, तेवढ्यात जळक्या ओंडक्याखालून एक उंदीर बाहेर आला आणि त्यांच्याकडे टकामका बघत बसला. रोकुंगी बियाची मूठ आवळून उभी राहिली. 'देवा, मला भीती वाटतेय,' ती मनात म्हणाली. 'जाम भीती वाटतेय. तू इथून हलू नकोस.' मग तिनं पुढच्या भोकात बी टाकलं. त्याच्या पुढच्याही भोकात टाकलं.

झुआली शेजारी उकिडवी बसून भोकांवर माती लोटत होती. शेजारच्या दोन पोरांना गेल्या महिन्यात पुरलेलं तिनं पाहिलं होतं.

"आई, हे उगवेल तेव्हा मी असेन ना?"

सासूचा कोयता थांबला. रोकुंगीनं लेकीकडे नीट बघितलं, तिच्या फुगलेल्या पोटाकडे, काटक्यांसारख्या पायांकडे.

"असशील," ती म्हणाली. "माती नीट लोट. बी उघडं राहिलंय तिथं."