उम्म नवाईरचा शांत शुक्रवार

“उद्या कोणी म्हणजे कोणीही ओरडायचं नाही!” नाजिया गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडली, आणि फुरात नदीच्या पलीकडच्या काठावर मेंढ्यांना पाणी पाजणाऱ्या माणसाने दचकून वर पाहिलं.

“ऐकलंत का?”

“ऐकलं!” चहाच्या दुकानातून, न्हाव्याच्या खुर्चीतून, गच्च्यांवर वाळत टाकलेल्या भेंडीच्या माळांमागून उत्तरं आली.

“अगं, तिकडे बगदादलासुद्धा ऐकलं असेल,” शेजारची सब्रिया भिंतीवरून म्हणाली. “पाहुणे उद्या कशाला येतील आता? जागच्या जागी बहिरे झाले असतील!”

“तू आधी गप्प राहायचा सराव कर, सब्रिया. तुझ्यामुळेच झालंय सगळं.”

“माझ्यामुळे? मी फक्त चाळणी मागितली होती!”

ते खरंच होतं. मुलाकडच्या बायका पहिल्यांदा नाजियाची लेक हदील हिला बघायला आल्या, तेव्हा सब्रियाने भिंतीपलीकडून चाळणी मागितली. नाजियाने ‘तुझ्याकडेच आहे की’ म्हणून सांगितलं. सब्रिया ‘ती नव्हे, बारीक भोकांची’ म्हणाली. तेवढ्यात नाजियाचा भाऊ खलफ आला आणि त्याने पाहुण्यांना प्रेमाने सलाम केला. मुलाची आई उम्म सिनान हिचा हात छातीवर गेला. तिने हळूच शेजारच्या बाईला विचारलं म्हणे, “हे भांडण सोडवायला कोणी जात का नाही?”

मग बगदादहून निरोप आला. मुलगी सोन्यासारखी आहे, पण घर भांडकुदळ दिसतं. पुरुषमंडळी शुक्रवारी रीतीप्रमाणे येतील, एकदा नीट बघतील, आणि मग काय ते ठरवतील.

हदीलने तो निरोप आईला वाचून दाखवला तो अगदी हळू आवाजात. बगदादला शिकायला राहिली तेव्हापासून पोरगी तसंच बोलायची. सिनान तिच्याबरोबर प्रयोगशाळेत कामाला होता, आणि त्याचं नाव घेताना तर तिचा आवाज मांजरीच्या पावलांसारखा व्हायचा. नाजियाला निम्मं ऐकू आलं नाही, पण लेकीचा चेहरा तिने वाचला. या मुलाशिवाय हिचं काही खरं नाही, एवढं तिला कळलं.

आता उम्म नवाईरला हळू बोलायला सांगणं म्हणजे नदीला उलटं वाहायला सांगणं. गावाच्या नावाचा अर्थच ‘रहाटांची आई’. पाण्यात तीन मजली घराएवढे लाकडी रहाट उभे असायचे, त्यांना मातीची गाडगी बांधलेली, आणि प्रवाहाच्या जोराने ते रात्रंदिवस फिरायचे. तुतीच्या लाकडावर लाकूड घासून त्यांचा जो कण्हण्याचा आवाज निघे, त्यात गावाच्या किती पिढ्या गेल्या. नवऱ्याने बायकोला लाडात काही म्हणायचं तर तेही ओरडून. मग पाण्याचे पंप आले, वरच्या अंगाला धरण झालं, आणि रहाट एकेक करून थांबले. शेवटचा थांबला तेव्हा नाजिया लहान होती. गावातली तान्ही पोरं काही दिवस झोपेनात, इतकं भयाण वाटलं सगळ्यांना. रहाट गेले, आवाज तेवढे मागे राहिले.

नाजिया तर त्या आवाजावरच पोट भरत होती. सरकारी दवाखान्यात ती रोग्यांची नावं पुकारायची. पाळी यायला वेळ आहे म्हणून घरी जाऊन कालवण हलवणारी बाईसुद्धा नाव ऐकून ओल्या हातांनी धावत यायची. एकदा वरून दवाखान्याला भोंगा आला होता. डॉक्टरांनी तो खोक्यातून बाहेरही काढला नाही.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर नाव काठाला लागली आणि बगदादचे पाहुणे उतरले. पुढे सिनानचे काका हाजी रशाद, मागे चार-पाच पुरुष, त्यांच्यात नवा कोट घातलेला सिनान, आणि शेवटी काळा अबाया सावरत उम्म सिनान.

गल्लीने शब्द पाळला होता, नको तितका पाळला होता. चहाच्या दुकानातले म्हातारे डोमिनोच्या सोंगट्या गोधडीवर ठेवत होते, टकटक होऊ नये म्हणून. न्हावी वस्तरा हातात धरून पुतळ्यासारखा उभा. भाजीवाला टोमॅटोच्या ढिगाकडे खाली मान घालून पाहत होता. पोरांनी तोंडावर हात धरले होते. पाहुणे जवळून गेले तसा एकेक जण उठला, छातीवर हात ठेवून वाकला, आणि काहीही न बोलता खाली बसला.

हाजी रशादची चाल मंदावली. “अरे देवा,” तो पुतण्याला म्हणाला, “आज मागणीचा विषय काढता येणार नाही.”

दारात खलफ उभा होता. नाजियाने त्याला बजावलं होतं, तोंड उघडशील तर माझ्याशी गाठ आहे. त्यामुळे घसा आवळून तो “या” म्हणाला, तो आवाज रडवेला निघाला, आणि त्या ताणाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हाजी रशादने त्याला पोटाशी धरलं आणि पाठीवर थोपटलं. खलफला वाटलं, माणूस फारच मायाळू दिसतो.

आत बायकांच्या खोलीत उम्म सिनानने नाजियाला मिठी मारली आणि कानाशी काहीतरी पुटपुटली. ‘देव तुम्हाला धीर देवो,’ असं ते होतं. नाजियाला फक्त ‘देव देवो’ ऐकू आलं. तिने प्रेमाने तिचे गाल धरले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत म्हणाली, “तुमच्या घरीही असंच होवो, लवकर!”

उम्म सिनान भिंतीला टेकून बसली.

बाहेर अंगणात भिंतीकडेने खुर्च्या मांडल्या होत्या. गावचे पुरुष ओळीने, नजरा जमिनीवर. खलफने कडू कॉफीचा पेला हाजी रशादपुढे धरला. आता रीत अशी, की मागणी घालायला आलेल्या वडीलधाऱ्याने पेला खाली ठेवायचा आणि म्हणायचं, आमचं काम झाल्याशिवाय पिणार नाही. मग मुलीकडच्याने म्हणायचं, प्या, काम झालं समजा. हे एक वाक्य खलफ आठवडाभर घोकत होता, हळू आवाजात.

हाजी रशादने पेला घेतला आणि सरळ पिऊन टाकला.

खलफ बघतच राहिला. पाठ केलेलं वाक्य त्याच्या तोंडात तसंच अडकलं. दु:खाच्या घरी कडू कॉफी न बोलता प्यायची असते हे त्यालाही ठाऊक होतं, पण त्याच्या घरी दु:ख कुठं होतं?

पेला परत देऊन हाजी रशाद खाकरला, दोन्ही तळवे वर केले आणि जड आवाजात म्हणाला, “अल्-फातिहा.”

फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, मेलेल्यांसाठी वाचतात. सोयरीक पक्की झाली की तीही फातिहा वाचूनच होते. शब्द तेच, हात तसेच. खलफने मनात म्हटलं, शहरातल्या लोकांची कामं झटपट, मागणी नाही की काही नाही! त्याने हात वर केले. गावाने हात वर केले. सगळ्यांनी मनातल्या मनात फातिहा वाचली आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून उभ्या असलेल्या नाजियाने ते तळवे पाहिले मात्र, कालपासून छातीत कोंडलेलं सगळं एकदम सुटलं. जीभ हलवून तिने आनंदाची अशी ललकारी फोडली की गच्चीवरची कबुतरं उडाली. मागून सब्रियाची ललकारी, तिच्यामागून अख्ख्या गल्लीची. कुणीतरी चॉकलेटं उधळली. त्यातलं एक हाजी रशादच्या टोपीवर बसलं.

तो ताडकन उठला. “लाज नाही वाटत? मयताच्या घरात?”

“कुणाचं मयत?” खलफच्या तोंडून खरा आवाज निघाला.

“ते आम्ही तुम्हाला विचारायचं! कोण गेलं तुमच्यातलं?”

“कोणी नाही गेलं! सगळे इथंच बसलेत, मोजा!”

“मग गल्लीभर ही अवकळा कसली? ही पोरं, तो न्हावी?”

“तुमच्यासाठी गप्प बसलो होतो हो! तुमच्या वहिनींना आमचे आवाज सोसत नाहीत म्हणून!”

“म्हणजे आमची थट्टा मांडली होती,” हाजी रशाद म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “फातिहा आम्ही मेलेल्यासाठी वाचली. मागणी आम्ही घातलेली नाही. चला रे, उठा.”

पुरुष उठले. सिनानही उठला, काकाकडे एकदा आणि दाराकडे एकदा बघत. नाजियाच्या हातातलं तबक खाली आलं. आपल्याच तोंडाने लेकीचं घर मोडलं, एवढंच तिला कळत होतं, आणि नेमकं आता तिच्या तोंडून काही फुटेना.

“सिनान! बस खाली!”

हा आवाज नाजियाचा नव्हता. सब्रियाचाही नव्हता. नदीपलीकडे कुत्री भुंकायला लागली.

सिनान बसला.

दारात हदील उभी होती, ओढणी खांद्यावर घसरलेली, स्वतःच्याच आवाजाने पांढरीफटक पडलेली. त्या कुजबुजणाऱ्या पोरीच्या गळ्यात पणजीचा अख्खा रहाट बसलेला होता, आणि ते तिलाही आत्ताच कळत होतं.

मग बायकांच्या खोलीतून उम्म सिनान बाहेर आली. तिने लेकाकडे पाहिलं, गुडघे जुळवून बसला होता. हदीलकडे पाहिलं. पुन्हा लेकाकडे.

“एका हाकेत बसला,” ती म्हणाली. “मी गेली तीस वर्षं सांगतेय. जेवायला बस, अभ्यासाला बस, माझ्याजवळ दोन घटका बस. कधी बसला नाही हा.”

खलफच्या तोंडून हसू फुटलं, आणि उम्म नवाईरमध्ये हसू फुटलं की ते एका अंगणात मावत नाही. हाजी रशादने टोपीवरचं चॉकलेट काढलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्याही मिशा हलायला लागल्या.

“त्या दिवशी मी घाबरले होते, उम्म हदील,” उम्म सिनान नाजियाचा हात धरून म्हणाली, या वेळी जरा जोर लावून. “पण आज तुम्ही गप्प होतात ना, तेव्हा जास्त घाबरले. आणि ते ‘तुमच्या घरीही असंच होवो’ ऐकून तर माझा जीवच गेला!”

“अगं बाई!” नाजिया किंचाळली. “मी लग्नाचं म्हटलं!”

कॉफी पुन्हा आली. हाजी रशादने पेला खाली ठेवला आणि रीतसर मागणी घातली. खलफने आपलं वाक्य मोकळ्या गळ्याने म्हटलं, मनासारखं वाटलं नाही म्हणून पुन्हा एकदा म्हटलं. फातिहाही नव्याने वाचली. भाजलेल्या मसगूफ माशावर ताव मारताना बगदादचे पाहुणेसुद्धा ओरडून बोलायला लागले, कारण दुसरा इलाज नव्हता.

ऊन कलल्यावर सगळं गाव त्यांना पोचवायला काठावर आलं. न्हावी, भाजीवाला, चहावाले, दिवसभराचं तुंबलेलं एकदम बोलत होते. नाव सुटली. ती बरीच पुढे गेल्यावर उम्म सिनान उभी राहिली, वळली, आणि नाजियाकडे बघून काहीतरी म्हणाली. बराच वेळ म्हणत होती. बोलताना तिने एकदा हदीलकडे हात केला, एकदा स्वतःकडे.

तो बारीक आवाज पाण्यावरून या काठापर्यंत आला नाही.

“काय म्हणाली गं?” सब्रियाने विचारलं. “विचार की ओरडून! तू हाक मारलीस तर नाव परत फिरेल!”

नाजियाने ओरडून विचारलं नाही. पुढे उभ्या असलेल्या लेकीचा खांदा तिने एका हाताने धरला, दुसरा हात छातीवर ठेवला, आणि नाव वळणाआड जाईपर्यंत मान हलवत राहिली.