तुमी नुसतं सांभाळा

कुत्र्याच्या पिल्लापायी कडूबाईनं केवढा तमाशा केला, असं लोक अजून म्हणतात. म्हणा बाप्पा. केला. परत वेळ आली तर परत करीन.

आधी नावाचं सांगते. माझ्या आधीची भावंडं जगली न्हाईत, मून मायनं माझं नाव कडू ठिवलं. कडू चीज मरण बी तोंडात घेत न्हाई म्हणं. लेकरू जगावं मून तवाचे लोक काय बी करायचे. छप्पन साली आमी बुद्ध झालो आन् असलं सगळं सोडलं. नाव तेवढं राहिलं, आन् त्येचा थोडा गुण जिभंला राहिला.

नवरा लिंबाजी रेल्वेच्या गँगमधी. पहाटं जायचा तो दिस बुडता यायचा. मी बोरीकडल्या सडकेवर खडी फोडायला. मोठा दुष्काळ सरलता, पर ते काम अजून चालू व्हतं. पोरी नांदायला गेलत्या. दिसभर घरात चिटपाखरू नसायचं.

आमच्या वस्तीला लागून माणिकराव पाटलाचं भुईमुगाचं वावर. कुत्री शेंगा उकरतात मून त्येनं धुऱ्यावर, बांधाच्या कडंकडंनं, भाकरीचे तुकडे टाकाय लावले, वरून गूळ, आतून जहर. आमची कुत्री त्यातच गेली. माझ्या दारात येऊन पाय खोडून मेली. माय माझी, तिचे डोळे मी विसरणार न्हाई. तिची नर पिल्लं लोकांनी उचलून नेली. मादी कोण नेतं? ती राहिली, एवढीशी, तांबडी. म्या तिचं नाव चिंगी ठिवलं.

शेजारची दगडाबाई म्हणली, "कडे, मादी हाय, फेकून दे नदीपल्याड. उद्या पिल्लावळ निस्तरशील."

म्या म्हणलं, "तुला बी कुणी मादी मून फेकली न्हाई, तर हिला मी फेकू?"

झालं. पर ठिवायची कशी? दिसभर घरी कुणी न्हाई, आन् वीस पावलावर जहर. कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून वर दगड ठिवला, तर उन्हानं जीभ बाहीर काढून निपचित पडली. दोरी लावली, तर दोरी जात्याला गुंडाळून गळ्याला फास बसला. घरात कोंडून कडी घातली. दोन दिस बरे गेले. तिसऱ्या दिशी येते तर दाराखालची माती उकरलेली, आन् बया गायब!

पळत धुऱ्यावर गेले. चिंगी तितंच व्हती, आन् तोंडात तुकडा. अजून गिळला न्हवता. बोट घालून बाहीर काढला. ती मला कडकडून चावली. चाव म्हणलं, लागंल तेवढी चाव. डबक्याच्या पाण्यानं तोंड धुतलं, परत धुतलं, आन् तितंच बसून रडले. राग आला की मला रडू येतंय, भ्याले की न्हाई.

राखणीचा भुजंग माळ्यावरून हसायला लागला. "कडूबाई, आज वाचली. उद्या? मालकाचा हुकूम हाय, मी तर रोज टाकणार. तू कामावर जाशील का कुत्रं राखशील?"

खरं बोलला मेला. काम सोडावं तर चूल पेटत न्हाई. लिंबाजी म्हणला, "दे कुणाला तरी. माणिकरावासंगं कोण वैर घेतंय?" रातभर एकच गोष्ट डोक्यात फिरायली.

ती गोष्ट माझ्या सासूची. चतुराबाई तिचं नाव, मरून वरीस झालतं. निजामाच्या राज्यात, माणिकराव जलमला तवा, त्येच्या मायची आधीची लेकरं पाळण्यातच गेलती. तवा रिवाज व्हता, असलं लेकरू आमच्या माणसाला सुपात घालून इकायचं, मूठभर कोंड्याला. मरणाला वाटावं, हे मोठ्या घरचं न्हाईच, कशाला न्यावं? सासूच्या मांडीवर तवा लिंबाजी व्हता, अंगावर दूध व्हतं. तिनं कोंडा दिला, लेकरू घेतलं, एका अंगाला लिंबाजी, एका अंगाला माणिकराव, असं पाजलं. मंग सूप माघारी देऊन म्हणली, "हे माझं हाय. तुमी नुसतं सांभाळा." लेकरू जगलं. मोठं झाल्यावर त्येनं सासूला कधी ओट्याची पायरी चढू दिली न्हाई. दूध चाललं, पाय चालंना!

मी ते मरणाबिरणाचं मानीत न्हाई. पर त्या घरात अजून मानतात, हे मला मालूम व्हतं.

सकाळी चिंगीला सुपात घातलं आन् नीट माणिकरावाच्या वाड्यावर गेले. तो ओट्यावर बशीत च्या पीत व्हता. संगं गावातले दोघं-चौघं, भुजंग बी व्हता. मी पायरी चढले. एक, मंग दुसरी. सगळ्यांचे डोळे माझ्या पायाकडं.

"ए कडे, खाली व्हय! काय आणलंस?"

"भावजी," म्या म्हणलं, "पिल्लू आणलंय."

च्या बशीतून धोतरावर सांडला. "भावजी कुणाला म्हणतीस गं?"

"तुमालाच. माझ्या सासूनं तुमाला मूठभर कोंड्याला इकत घेतलं. माझ्या नवऱ्याच्या वाटणीचं दूध तुमी प्यालाव. मंग नात्यानं तुमी माझे कोण लागता, तुमीच सांगा की."

तो उठला, हात उगारला त्येनं. मी जाग्यावरून हालले न्हाई. सूप घट्ट धरलं. मार म्हणलं मनात, चारचौघात मार, मंग बघते.

"माणक्या!"

आतून त्येची माय आली. सगुणाबाई, पार वाकलेली, भिंत धरून. "हात खाली कर. तिचं एक अक्षर खोटं न्हाई." मंग माझ्याकडं बघून म्हणली, "चतुरा गेली तवा मला तिच्या मातीला यायचं व्हतं. ह्येनं जाऊ दिलं न्हाई." म्हातारीचे डोळे भरले. आत गेली, मुठीत कोंडा घिऊन आली, माझ्या पदरात टाकला आन् सुपातलं पिल्लू उचलून उराशी धरलं.

म्या मोठ्यानं म्हणलं, "हे माझं हाय. दिसभर तुमी नुसतं सांभाळा. आता ते तुमच्याच अंगणात खेळंल, तुमच्याच वावरात फिरंल. धुऱ्यावर काय टाकायचं ते बघा."

माणिकराव मायकडं बघत उभा राहिला. मंग मान न उचलता म्हणला, "भुजंग, ते तुकडे गोळा कर. सगळे. पुरून टाक."

रिकामं सूप काखंत मारलं, पायरी उतरले आन् नीट खडी फोडायला गेले.

सांजच्याला घ्यायला गेले तर चिंगी म्हातारीच्या मांडीवर झोपलेली. माणिकराव खुंटीसारखा उभा. पाटलकीचा ताठा एका दिसात जातोय व्हय? म्हणला, "उद्यापासून हिची भाकर संगं आणत जा. फुकट कोण घालतंय?"

म्या म्हणलं, "भावजी, तुमाला पाजलं तवा तुमच्या मायनं दूध संगं धाडलं न्हवतं."

म्हातारी हसली, खोकला लागंस्तोवर हसली.

दुसऱ्या दिशी पिल्लू घिऊन गेले, तर ओट्याच्या कोपऱ्यात मातीचं परळ ठिवलेलं, दूध-भाकरीनं भरलेलं. कुणी ठिवलं, म्या इचारलं न्हाई. पायरी चढले, चिंगीला परळापाशी सोडलं आन् आतल्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणलं, "भावजी, हे माझं हाय. तुमी नुसतं सांभाळा."

आतून आवाज आला, "व्हय, व्हय. जा कामाला."